मामांचं इतर उत्पन्न

चेन्नईत येऊन मला आठवडा झाला होता आणि तेवढ्यात भेटलेल्या प्रत्येक घरमालकानं मला नाही म्हटलं होतं. एकटा मुलगा, परगावचा, तमिळचा एक शब्द येत नाही. तांबरमच्या पश्चिमेकडच्या एका गल्लीत, कुणाच्या तरी फाटकाच्या सावलीला उभा राहून मी लातूरला आईला फोनवर सांगत होतो, की आता साहेबांना सांगून सरळ पुण्याला परत जातो. फाटकामागे झोपाळ्याच्या कड्या करकरल्या आणि आवाज आला, "कशाला जातोस रे? भितर ये की."

मी फोन तसाच हातात धरून आत गेलो. झोपाळ्यावर पांढरं धोतर नेसलेले, उंच, धारदार नाकाचे एक गृहस्थ बसले होते. पुढचा अर्धा तास ते जे बोलले त्यातलं निम्मं मला कळलं. शब्द मराठी होते, पण जुन्या पोथीतले, आणि सगळ्याला चाल तमिळची. वाक्य संपता संपता वर चढायचं. 'सगळं' याला ते 'अस्कं' म्हणत, 'गप्प बस' याला 'उगे बस'. त्यांचे पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावरला गेले ते तिथलेच झाले. स्वतः ते बँकेत अधिकारी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. बँकेच्या प्रशिक्षणाला एकदाच मुंबईला गेले होते. तिथं त्यांनी दुकानदाराशी मराठीत बोलायला सुरुवात केली, तर त्यानं त्यांना हिंदीत उत्तर दिलं. ते दुःख त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. तमिळमध्ये त्यांच्यासारख्या वयस्कर माणसाला मामाच म्हणतात. मी मराठीतला मामा म्हणून हाक मारायचो. दोघांचंही भागत होतं.

वरची खोली त्यांनी मला दिली आणि देताना कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे स्वतःचा पॅन नंबर लिहून हातात ठेवला. शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात ही गोष्ट मी सांगितली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. तिथं भाड्याची करसवलत मिळावी म्हणून प्रत्येक जण घरमालकाच्या पॅनसाठी हातापाया पडत असायचा. मालक लोक भाडं अर्धं रोख मागत आणि पॅन म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे. इथं मालकानं न मागता दिला होता.

"तू भाडं दाखव, मी पण दाखवतो," मामा म्हणाले होते. "दोघांची गोष्ट एक पाहिजे."

पैशाला नाव पाहिजे, असं त्यांचं म्हणणं असायचं. कुणी दिले आणि कशासाठी दिले, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. सांगताना अडखळलो तर ते घ्यायचे नाहीत. यात त्यांना तत्त्वबित्त्व काही वाटत नसे. शर्टाची बटणं नीट लागली पाहिजेत, तसंच हे. आणि नाव लागलं की ते विवरणपत्रात गेलंच पाहिजे. लोक दिवाळीची वाट पाहतात तशी ते जुलैची वाट पाहत. फॉर्ममध्ये या वर्षी कुठली ओळ बदलली, कुठला रकाना नवा आला, हे ते मला जिन्यात थांबवून सांगत, आणि मी बसची वेळ सांभाळत एका पायावर उभा असे.

एका नवरात्रात गल्लीतल्या बायकांनी बाहुल्यांच्या मांडणीची स्पर्धा ठेवली. मामांनी एकट्यानं सात पायऱ्या मांडल्या, सगळ्यात खालच्या पायरीवर बँकेचा काउंटर केला, काउंटरमागे लाकडी राजाराणी बसवले, आणि पहिले आले. बक्षीस स्टीलची बादली. दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन ते ऑडिटरकडे गेले. चेन्नईत सीएला ऑडिटर म्हणतात. बादलीची किंमत कुठल्या रकान्यात दाखवायची, असं त्यांनी विचारलं. ऑडिटर म्हणाले, "मामा, बादली नेऊन पाणी भरा." मामा नाराज होऊन परत आले. त्यांना ती दाखवायची होती.

माझं पहिलं विवरणपत्र त्यांच्याच झोपाळ्यावर भरलं गेलं. कंपनीनं दिलेले आकडे आधीच भरून आलेले होते, मला फक्त हो म्हणायचं होतं. मी हो म्हणणार तेवढ्यात मामांनी विचारलं, "पगाराशिवाय?"

"काही नाही."

"मग ते दोन रविवार डोकं खाली घालून काय लिहीत होतास?"

त्याचं असं झालं होतं. गिंडीतल्या एका छोट्या कारखान्याला त्यांच्या पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका मराठीत हवी होती. ऑफिसातल्या एका मित्रानं माझं नाव सांगितलं. मी दोन रविवार बसून भाषांतर केलं. पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी भरून घेतात, त्याला काय शब्द वापरावा म्हणून मी अडलो होतो, तेव्हा मामाच म्हणाले होते, "पाणी पाज म्हण की. आमच्यात पंपाला आधी पाणी पाजतात." मी तसंच लिहिलं. कारखान्यानं खात्यात पैसे टाकले, मी त्यांतून बूट घेतले, संपलं.

"ते एकदाच झालं, मामा. पुन्हा कुठं होणार आहे? कोण बघतंय एवढं?"

"एकदाच झालं म्हणून तर लिहायचं," मामा म्हणाले. "पगार काय, दर महिन्याला येतो. त्यात काय सांगण्यासारखं आहे?"

त्यांनी मला 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' उघडायला लावलं. तिथं तपशील लिहायला छोटीशी जागा असते. व्याज, लाभांश असं काही नसेल तर आपणच शब्द लिहायचे. मी 'इतर' एवढंच लिहिणार होतो. मामांनी हात धरला. शेवटी इंग्रजीत लिहिलं, पंपाच्या पुस्तिकेचं भाषांतर. थोडा जास्तीचा कर निघाला तो मी कुरकुरत भरला. मामा आत जाऊन फिल्टर कॉफी घेऊन आले आणि संध्याकाळी फुलवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत गल्लीत सगळ्यांना सांगून आले, की आमच्या वरच्या मुलानं पुस्तक लिहिलंय.

हसण्यासारखंच होतं ते. पण खरं सांगतो, तोपर्यंत मी काही लिहिलंय असं मला कुणी म्हटलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं, हे माझं काम. त्या दोन रविवारांना मीसुद्धा नाव दिलं नव्हतं. पुढं मी बारीकसारीक भाषांतरं करू लागलो, अजून करतो, त्याची सुरुवात कारखान्यानं केली नाही, मामांनी केली.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

एका हिवाळ्यात तमिळ मालिकेचं काम करणारा एक व्यवस्थापक गल्लीत चित्रीकरणासाठी घर बघायला आला. घर त्याला पसंत पडलं नाही, मामा पडले. मालिकेतल्या श्रीमंत कुटुंबाचे थोरले आजोबा आधीच वारलेले होते. त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावायचा होता, आणि त्याला भारदस्त चेहरा हवा होता. एक दिवस स्टुडिओत यायचं, कोट घालून, पगडी ठेवून फोटो काढून घ्यायचा, एवढंच. मामा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं येऊन खिशातून नोटा काढल्या.

मामा म्हणाले, "रोख घेऊन मी मरणार नाही."

तो माणूस गोंधळला. मामांनी त्याला बसवून सगळं समजावलं. पैसे बँकेत टाका, कशाबद्दल ते एका कागदावर लिहून द्या, मग हवा तेवढा वेळ मेलेला राहतो. तो निघून गेला. मामांना वाईट वाटलेलं मला दिसत होतं, कारण त्यांनी आदल्याच दिवशी कोट इस्त्रीला दिला होता. पण असा चेहरा दुसरीकडे मिळाला नसावा. चार दिवसांनी तो कागद घेऊन परत आला.

मालिका सुरू झाली. दिवाणखान्यात मामांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, समोर समई. घरातल्या सुना एकेक करून त्या फोटोपुढे येऊन रडायच्या आणि सासूची तक्रार सांगायच्या. मामा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसत. "आज समई लावली नाही बघ," असं म्हणत. किंवा, "ही धाकटी सून खोटी आहे. माझ्याकडे बघून रडत नाही, कॅमेऱ्याकडे बघते." गल्लीतली फुलवाली त्यांना पाहून हात जोडायला लागली. हसत जोडायची, पण जोडायची.

पुढच्या जुलैत एका रविवारी दुपारी आम्ही त्यांचं विवरणपत्र भरायला बसलो. पेन्शन झाली, व्याज झालं, माझं भाडं झालं. मग फोटो. ऑडिटरनी फोनवर सांगितलं होतं, मामा, सोडून द्या, एवढ्याशा रकमेला कोण विचारतंय. मामांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मेलो म्हणून मिळाले खरे, पण घेतले जिवंतपणी. लिही."

तपशिलाच्या जागेत काय लिहावं यावर आमचा वाद चालला होता. मी म्हणत होतो 'छायाचित्राचं मानधन'. त्यांना 'मृत आजोबांची भूमिका' हवं होतं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मी बाहेर गेलो.

रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. दाढी वाढलेली, खांद्याला कापडी पिशवी, डोळे सुजलेले. नाक हुबेहूब मामांचं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मामांच्याच मराठीत विचारलं, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"अण्णा कधी गेले? आम्हाला कुणी एक शब्द कळवला नाही रे." त्यांनी फाटकाचा गज धरला. "दहनाला कोण होतं? अस्कं कुणी केलं?"

मी काही बोलणार तोच आतून मामांचा आवाज आला. "कोण आहे रे? उन्हात उभं करू नको, भितर घे."

ते गृहस्थ होते तिथंच पायरीवर खाली बसले. पिशवी निसटून पडली, आतली मोसंबी अंगणात गडगडत गेली. मामा दारात आले. मी मोसंबी गोळा करत होतो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

ते मामांचे धाकटे भाऊ होते, तंजावरचे. मामांना भाऊ आहे हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. भावाच्या पत्नीनं मालिकेत फोटो पाहिला. ती रडायला लागली. भावानं आधी विश्वास ठेवला नाही, मग दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिला. जुना फोन नंबर लागेना. मिळाली ती बस धरून ते आले होते.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांना राग आला. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू देतं का कुणी? पैशासाठी मेलास तू?"

"पैसे बँकेत घेतले," मामा म्हणाले. "कागद आहे."

"कर?"

"भरतोच आहे की. हे बघ, आत्ताच." मामांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

भावानं स्क्रीनकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील. त्यांचा चेहरा मात्र आवळला गेला, आणि ते माझ्याकडे वळून बोलायला लागले, मामांकडे न पाहता. तंजावरजवळ दोघांच्या नावावर वडिलांची जमीन होती. भावाच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, फी भरायची होती, म्हणून जमीन विकायला काढली. गिऱ्हाईक चांगलं आलं. कागदावर कमी किंमत दाखवू, उरलेले रोख देतो, असं तो म्हणाला. सगळे तसंच करतात. मामा नोंदणीच्या कचेरीत आले, कागद वाचला, आणि पेन खाली ठेवून निघून गेले. गिऱ्हाईक गेलं. जमीन पुढं विकली गेली तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. मुलीनं गावातल्याच कॉलेजात बीकॉम केलं.

"मी त्या दिवशी ओरडलो याच्यावर," भाऊ म्हणाले. "म्हटलं, माझ्यापुरता तू मेलास. आणि परवा टीव्हीवर बघतो तर…"

मामा झोपाळ्यावर बसून होते. झोपाळा त्यांनी पायानं थांबवून धरला होता. मला वाटलं आता ते कायदा सांगतील, बरोबर काय नि चूक काय ते सांगतील. सांगण्याचा हक्कही त्यांना होता.

"तसली सही मी आजही करणार नाही, तंबी," ते म्हणाले. तमिळमध्ये धाकट्या भावाला तंबी म्हणतात. ते माझ्याशी बोलायचे त्यापेक्षा हा आवाज निराळा होता. "पण कर मी भरला आणि दंड तुझ्या पोरीनं भरला, हे मला ठाऊक आहे. सही केली नाही त्याच दिवशी तुझ्या घरी येऊन बसायला पाहिजे होतं. तू हाकललं असतंस तरी बसायला पाहिजे होतं. बँकेत माझे पैसे होते. फी मी भरू शकत होतो. मला तेव्हा वाटलं, तू आधी माफी मागशील."

"मला वाटलं, तू मागशील," भाऊ म्हणाले.

मी कॉफी करायला आत गेलो. दूध उतू गेलं तरी मी आतच थांबलो. बाहेर आलो तेव्हा भाऊ झोपाळ्यावर मामांशेजारी बसले होते आणि दोघं मिळून ठरवत होते, की मालिकेतली धाकटी सून खोटी आहे की नाही. भावाच्या पत्नीच्या मते ती गरीब स्वभावाची होती, थोरली खोटी होती.

फॉर्म अर्धवट राहिला होता. मामांना तो त्याच दिवशी पुरा करायचा होता. शेवटी तपशिलात काय लिहायचं ते भावानंच ठरवलं. ते म्हणाले, "फोटोचं मानधन लिही. तू मेलास असं सरकारला लेखी देऊ नको. पेन्शन बंद होईल." मामांनी ते एका क्षणात मान्य केलं. फॉर्म पाठवताना पडताळणीसाठी मामांच्या मोबाइलवर आकडे येतात. मामांचा चष्मा सापडेना, म्हणून भावानं मोबाइल घेऊन लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. तमिळमध्ये वाचला, मी टाइप केला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आला.

"झालं?" भावानं विचारलं.

"झालं."

"एवढ्यासाठी आयुष्य घालवलंस तू," ते मामांना म्हणाले. त्यांचा हात मात्र मामांच्या गुडघ्यावर होता.

चार दिवसांनी दोघं तंजावरला गेले. मामांनी मला किल्ली दिली आणि तुळशीला पाणी घालायला सांगितलं. आठवड्यासाठी गेले ते महिन्यानं आले. पुतणी आता एका शाळेत लेखापालाचं काम करते, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. तिच्याकडे त्यांनी काय मागितलं, ती काय म्हणाली, हे सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून महिन्यातून एकदा ती त्यांना फोन करायची आणि मामा फोन घेऊन अंगणात जाऊन बोलायचे.

मला पुढं पुण्याची नोकरी मिळाली. सामान बांधलं त्या दिवशी मामांनी अनामत रक्कम बँकेतून परत केली, आणि वर तिचं व्याज. करारात व्याजाचा शब्द नव्हता. मी नको म्हणालो. "माझ्या खात्यात पडून तुझ्या पैशाला पोरं झाली," ते म्हणाले. "ती मी कशी ठेवू? आणि हे बघ, व्याज विवरणपत्रात दाखव." तांबरम स्टेशनवर मला सोडायला ते आले होते. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते, आणि बोलत होते फक्त नव्या फॉर्मबद्दल. त्यांच्या पाया पडायचं राहून गेलं होतं, म्हणून खिडकीतून हात काढून मी त्यांच्या हाताला लावला.

मामा आता थकलेत. ऐकू कमी येतं, वरच्या खोलीत भावाचं कुटुंब राहायला आलंय. पण जुलै लागला की त्यांचा फोन येतो. आवाज तोच, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. तब्येत, आई, पाऊस, सगळं विचारून होतं, आणि मग ते मुद्द्यावर येतात.

"यंदा काही निराळं केलंस का रे?"

मागच्या वर्षी मी एका संस्थेसाठी लहान मुलांची गोष्ट भाषांतरित केली होती, ती त्यांना फोनवर पूर्ण वाचून दाखवली. यंदा मी आढेवेढे घेतले. काम वाढलंय, मुलगी लहान आहे, वेळच मिळत नाही, असं काहीबाही सांगितलं.

"म्हणजे पगारच?"

"पगारच, मामा."

मागे कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारत होतं.

"असू दे," ते म्हणाले. "मार्च लांब आहे अजून. कर की काहीतरी."

फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हटलं, मुलीला झोपव, मला जरा लिहायला बसायचंय.